ख्रिस्ती संसाराचा जमाखर्च : ‘स्मृतिचित्रे’च्या निमित्ताने

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ची थोरवी नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. त्यांच्या भाषेचा साधेपणा, विनोदाची निर्मळ जात, स्वतःकडेही त्रयस्थपणे पाहण्याची दृष्टी आणि धर्मांतराच्या काळातील वेदनेचे संयत चित्रण या गुणांची मराठी समीक्षेने यथायोग्य दखल घेतलेली आहे. आपल्या धर्मग्रामांतील घरांतही हा ग्रंथ आवडीने वाचला जातो. टिळक दांपत्य प्रॉटेस्टंट मंडळीचे होते म्हणून आपल्या वाचकांनी त्याला कधी परके मानले नाही. तथापि या ग्रंथाच्या पानापानांतून वावरणारी एक गोष्ट आपल्या वाचनात सहसा दुय्यम ठरते. ती गोष्ट म्हणजे पैसा. घरात तो येतो कसा, जातो कुठे, आणि तो संपल्यावर चुलीपुढे कोण बसते, याचा एक अखंड हिशेब या आत्मकथनात वाहतो आहे. बचतीची सवय आणि ख्रिस्ती श्रद्धा यांचे नाते काय, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी प्रवचनांच्या आधी हा ग्रंथ या दृष्टीने वाचावा, असे मला वाटते.

ग्रंथाचा बाह्य तपशील थोडक्यात सांगतो. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाई १९३६ साली निवर्तल्या. अखेरचा मजकूर त्यांचे चिरंजीव देवदत्त यांनी पूर्ण केला. नाशिकजवळच्या जलालपूरच्या सोवळ्या घरात त्या वाढल्या. त्या घरात मीठ-साखरेसारखे जिन्नसही पाण्याने धुऊन घेण्याचा दंडक होता. शुद्धतेच्या अट्टहासापायी धान्य आणि कष्ट दोन्ही वाया कसे जातात, याचे दर्शन त्यांना बालपणीच घडले. पुढे त्या नारायण वामन टिळकांच्या संसारात आल्या आणि अगदी निराळ्या प्रकारचा खर्च त्यांच्या वाट्याला आला.

टिळक कवी, भाविक आणि अत्यंत उदार वृत्तीचे. पैसा त्यांच्या हाती टिकत नसे. समोर गरजू माणूस उभा राहिला की घरातील उद्याच्या भाकरीचा विचार त्यांच्या मनात येत नसे. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या, पुन्हा एकत्र आल्या आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. दुष्काळ आणि प्लेगच्या त्या दिवसांत अनाथ मुलांना या घराचे दार उघडे होते. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी आणि तिच्याबरोबर येणारा पगार सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. दोन वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, त्यांचे निधन झाले. लक्ष्मीबाई त्यानंतर सतरा वर्षे जगल्या.

या कथेचे आपले नेहमीचे वाचन ठरून गेले आहे. टिळक हे त्यागाचे प्रतीक, आणि पैशापैशाचा विचार करणाऱ्या लक्ष्मीबाई या त्या त्यागाला हास्याची किनार लावणाऱ्या संसारी गृहिणी. उपदेशकाला असे वाचन सोयीचे पडते, कारण त्यात सद्गुण एकाच बाजूला उभा असतो. परंतु ग्रंथ असे सांगत नाही. लक्ष्मीबाई पतीच्या औदार्याची थट्टा करतात, त्याच्यावर रागावतात, पण त्याला कोठेही कमी लेखत नाहीत. त्याचबरोबर ते औदार्य निभावण्यासाठी घरात दुसऱ्या कोणाला किती मोजमाप करावे लागे, हेही त्या लपवीत नाहीत. आलेल्या पोरक्या मुलाला टिळकांनी घरात घ्यावे, आणि त्याच्या ताटात काय वाढायचे ते लक्ष्मीबाईंनी पाहावे, अशी ही विभागणी आहे. तेव्हा त्या मुलाला आसरा नेमका कोणी दिला? दान देणारा हात आपल्याला दिसतो. ते दान शक्य व्हावे म्हणून डब्याच्या तळाशी मूठभर धान्य राखणारा हात दिसत नाही. ‘स्मृतिचित्रे’चे एक मोठेपण असे की हा दुसरा हातच त्यात लेखणी धरून बसला आहे.

येथे एक आक्षेप येईल. टिळकांसारखा माणूस हिशेब करीत बसला असता तर टिळक झाला असता काय? फ्रान्सिस असिसीकराने वडिलांच्या दुकानाचा ताळेबंद सांभाळला असता तर आपल्याला संत मिळाला असता काय? आक्षेप रास्त आहे. स्वेच्छेने स्वीकारलेले दारिद्र्य हे ख्रिस्तसभेत एक पाचारण मानले जाते आणि त्याचा मान राखलाच पाहिजे. पण ते पाचारण एका व्यक्तीचे असते. ते पत्नीवर आणि लेकरांवर परस्पर लादता येत नाही. फ्रान्सिसला संसार नव्हता, टिळकांना होता. हा भेद लक्ष्मीबाईंनी कोणताही सिद्धान्त न मांडता, केवळ घडले ते सांगून, आपल्यापुढे ठेवला आहे.

आता पवित्र शास्त्राकडे वळू. पैशाविषयी आपल्या व्यासपीठावरून दोन तऱ्हेची प्रवचने ऐकू येतात. एका रविवारी आकाशातल्या पाखरांचा आणि रानातल्या फुलांचा दाखला देऊन उद्याची चिंता न करण्याचा उपदेश होतो. दुसऱ्या रविवारी नीतिसूत्रांतील मुंगी पुढे करून आळशाला जागे केले जाते. ऐकणारा कुटुंबप्रमुख दोन्हींना मान डोलावतो आणि घरी जाऊन पूर्वीसारखाच वागतो. दोष शास्त्राचा नाही. उतारे सुटे सुटे वाचण्याच्या आपल्या पद्धतीचा तो दोष आहे.

लूकच्या शुभवर्तमानातील मूर्ख धनवानाचा दाखला बाराव्या अध्यायात आहे. बचतीच्या विरोधात हाच दाखला सर्वाधिक वापरला जातो. त्याची रचना मात्र बारकाईने पाहावी. हा मनुष्य पिकाविषयी बोलतो, कोठारांविषयी बोलतो, पुढील अनेक वर्षांच्या सुखाविषयी बोलतो. परंतु बोलतो फक्त स्वतःशीच. त्याच्या साऱ्या मनोगतात दुसरे एकही माणूस नाही. शेतावर राबणारा मजूर नाही, पत्नी नाही, शेजारी नाही. ‘मी’ आणि ‘माझे’ या पलीकडे त्याला शब्द सुचत नाही. देव त्याला मूर्ख म्हणतो ते कोठार बांधले म्हणून की कोठारात स्वतःखेरीज कोणालाच जागा ठेवली नाही म्हणून? दाखल्याच्या शेवटी येशू स्वतःकरिता साठवणाऱ्याविषयी बोलतो, हे ध्यानात घेतले म्हणजे उत्तर सापडते.

याच्या शेजारी उत्पत्तीच्या ४१ व्या अध्यायातील योसेफ ठेवावा. सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा बाजूला काढण्याची योजना तो सांगतो, आणि दुष्काळ आल्यावर त्याच कोठारांवर मिसरच काय, भोवतालचे प्रदेशही जगतात. येथे कोठार आहे आणि देवाचा आशीर्वादही आहे. पण आपली प्रवचने ४१ व्या अध्यायावर थांबतात. ४७ वा अध्याय फारसा कोणी वाचीत नाही. तेथे तोच योसेफ भुकेल्या लोकांकडून धान्याच्या मोबदल्यात आधी पैसा, मग गुरेढोरे आणि शेवटी जमिनी घेतो, आणि लोक फारोचे दास होतात. लोकांसाठी साठवलेले धान्यही किल्ली एकाच हाती राहिली तर सत्तेचे साधन बनते, असा इशारा या पुढच्या अध्यायात दडलेला आहे. सावकारीचा अनुभव असलेल्या आपल्या पूर्वजांना तो कोणी समजावून सांगण्याची गरज पडली नसती.

निर्गमातील मान्न्याची कथाही अशीच अर्धी सांगितली जाते. उद्यासाठी राखलेल्या मान्न्याला किडे पडले, एवढे आपल्या लक्षात असते. परंतु त्याच अध्यायात शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट गोळा करण्याची आज्ञा आहे, आणि ते राखलेले अन्न सडत नाही. अविश्वासाने लपवलेले सडले. विसाव्याच्या दिवसासाठी राखलेले टिकले. आजारपण, म्हातारपण, मुलांचे शिक्षण हे आपल्या संसारातील हात थांबण्याचे दिवस आहेत. त्यांच्यासाठी राखणे हा अविश्वास कसा ठरेल?

गरीब विधवेच्या दोन नाण्यांचा उतारा दानाच्या रविवारी हटकून वाचला जातो. मार्कच्या बाराव्या अध्यायात या प्रसंगाच्या अगदी आधी येशूने विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांचा निषेध केला आहे. हे दोन्ही उतारे एकत्र वाचले तर विधवेच्या श्रद्धेबद्दल आदर कमी होत नाही. मात्र तिच्यापाशी दोनच नाणी का उरली, हा प्रश्नही उभा राहतो. जी मंडळी तिच्या दानाचे कौतुक करते तिने तिच्या उद्याच्या भाकरीची जबाबदारीही घ्यावयास हवी. टिळकांच्या पश्चात लक्ष्मीबाईंनी काढलेली सतरा वर्षे या उताऱ्याच्या उजेडात वाचून पाहावीत.

बचतीच्या सवयीविषयी नव्या करारात सर्वांत नेमके वचन कोणते असेल, तर ते करिंथकरांस पाठवलेल्या पहिल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायातील. यरुशलेमच्या गरजू बांधवांसाठी वर्गणी जमवताना पौल सांगतो की प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपल्या मिळकतीच्या मानाने काही बाजूला काढून ठेवावे, म्हणजे तो आल्यावर ऐनवेळी गोळा करण्याची धावपळ होणार नाही. बचतीची सारी रीत या एका सूचनेत आलेली आहे. वार ठरलेला आहे, प्रमाण मिळकतीवर अवलंबून आहे, रक्कम खर्चाच्या आधी बाजूला निघते आणि तिला एक हेतू आहे. विशेष असे की हा हेतू दुसऱ्याच्या गरजेचा आहे. दान आणि बचत ही एकाच सवयीची दोन नावे आहेत, असे पौलाच्या या व्यवहारी वाक्यावरून दिसते.

ही सवय एकट्यादुकट्याने टिकत नाही, हे ख्रिस्तसभेने फार पूर्वी ओळखले होते. इटलीतील पेरूजा येथे १४६२ साली फ्रान्सिस्कन संन्याशांच्या प्रेरणेने गरिबांसाठी तारणपेढी निघाली. अशा पेढ्या पुढे अनेक शहरांत निघाल्या आणि पाचव्या लॅटरन परिषदेने १५१५ साली त्यांना मान्यता दिली. १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात पोप लिओ तेरावे यांनी कामगाराच्या वेतनाविषयी लिहिताना त्यातून काटकसरीने काही शिल्लक उरावी आणि त्याला अल्पस्वल्प मालमत्ता करता यावी, अशी अपेक्षा व्यक्त केली. बचतीचा उपदेश करण्याआधी शिल्लक उरेल इतके वेतन द्या, हा त्यातील न्याय आपण विसरता कामा नये. आपल्या देशात १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. रांचीकडे जेझुइट धर्मगुरू फादर योहान हॉफमन यांनी १९०९ साली छोटानागपूरच्या आदिवासी ख्रिस्ती शेतकऱ्यांसाठी पतसंस्था उभारली. आणि आपल्या वसईत १९१८ साली मॉन्सिनियर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने जी पतसंस्था निघाली, तीच आजची बेसिन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक.

या संस्थेकडे आपण सहसा अभिमानाचा विषय म्हणून पाहतो. मी तिच्याकडे ‘स्मृतिचित्रे’तील प्रश्नाचे एक उत्तर म्हणून पाहतो. लक्ष्मीबाईंच्या घरात जे ओझे एका बाईने एकटीने वाहिले, ते वसईच्या बागाईतदारांनी एकत्र येऊन वाटून घेतले. केळी, भाजी आणि फुले मुंबईच्या बाजारात नेणाऱ्या या शेतकऱ्याला साठवण नवी नव्हती; पिकलेले केळे वाळवून त्याची सुकेळी करणारा समाज आजचे उद्यासाठी राखणे जाणत होता. त्याला हवी होती ती विश्वासाची सामाईक पेटी, जिची किल्ली सावकाराच्या कनवटीला नसेल.

मग आपल्या साहित्यात हे का उमटले नाही? आपल्या नियतकालिकांतील आणि नाताळ अंकांतील कथा डोळ्यांपुढे आणाव्यात. पैसा त्यांत बहुधा दोनच रूपांत येतो. एक तर तो पाप म्हणून येतो. धनिक निष्ठुर असतो आणि अखेरीस त्याला उपरती होते. नाहीतर तो चमत्कार म्हणून येतो. नाताळच्या रात्री कोणा अनोळखी दात्याच्या रूपाने आजारी मुलाच्या औषधाचे पैसे घरी चालत येतात. या दोन टोकांच्या मध्ये जे खरे आयुष्य घडते त्याला आपल्या कथेत जागा नाही. दर महिन्याला पतपेढीत शंभर रुपये भरणारी विधवा, भावाच्या लग्नाचे कर्ज दहा वर्षे फेडणारा लेथ मशीनवरचा कामगार, मुलीच्या परिचारिका-शिक्षणासाठी बांगड्या मोडणारी आई ही माणसे आपल्या प्रत्येक धर्मग्रामात आहेत, पण कथेत त्यांच्या हाती पासबुक दिसत नाही. पासबुक ही वस्तू काव्यहीन आहे, असा आपल्या लेखकांचा समज असावा. लक्ष्मीबाईंनी डाळ-तांदळाच्या हिशेबातून अजरामर गद्य निर्माण केले, याचा आपल्याला विसर पडला.

हा केवळ साहित्याचा प्रश्न असता तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. कथा जे शिकवते ते वाचकाच्या मनात मुरते. मदत अखेरच्या क्षणी आपोआप येते, असे वर्षानुवर्षे वाचणारे कुटुंब लग्नाचा मांडव, प्रथम ख्रिस्तप्रसादाची मेजवानी आणि फेस्ताची रोषणाई ऋण काढून करते. वसईत वाड्या विकल्या गेल्या. विकलेल्या जमिनीचा पैसा म्हणजे बचत नव्हे. तो पिढ्यांनी केलेल्या बचतीचा शेवटचा खर्च आहे, हे सांगणारी एखादी चांगली कादंबरी आपल्याकडे रुजली असती तर कदाचित काही हात सही करताना थबकले असते.

वसईपुरते हे सीमित नाही. पुण्याहून साताऱ्याकडे, म्हणजे टिळकांच्या ‘देवाच्या दरबारा’कडे, जाणारा महामार्ग भोर तालुक्यातील सारोळे गावाशी नीरा नदी ओलांडतो. पलीकडे सातारा जिल्हा, आणि जवळच शिरवळचे कारखाने. भोरच्या पश्चिमेकडील डोंगराळ पट्ट्यात भाताची शेती. तेथील शेतकऱ्याने कितीही ओढगस्त असली तरी बियाण्याचे भात वेगळे राखायचे, ही पूर्वापार रीत. घरात उपासमार आली तरी त्या कणगीला हात लावताना माणूस दहादा विचार करी. कारण बियाणे खाल्ले की पुढचे वर्षच खाल्ले. त्याच घरातील मुलगा आज कारखान्यात कंत्राटी कामावर लागला तर त्याचा पगार मोबाइलवर जमा होतो आणि मोबाइलवरच हप्त्यांत वाटला जातो. काही मिनिटांत कर्ज देणारी ॲप त्याच्या खिशात आहेत. शेतात त्याच्या आजोबाला जे बियाणे दिसत होते, ते पगारात त्याला दिसत नाही. पगारातील बियाणे कोणते, हे त्याला ओळखता यावे, एवढेच बचतीचे शिक्षण आहे.

आणि बियाणे हे साठवण्यासाठी नसते, पेरण्यासाठी असते. गव्हाचा दाणा मातीत पडून मरतो तेव्हाच पुष्कळ पीक देतो, हे योहानाच्या शुभवर्तमानातील वचन आपण प्रायश्चित्तकाळात ऐकतो. मूर्ख धनवानाचे कोठार आणि शेतकऱ्याची बियाण्याची कणगी बाहेरून सारखीच दिसतात. फरक इतकाच की कणगी उघडण्याचा दिवस ठरलेला असतो.

व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगितल्याविना हा विषय पुरा होणार नाही. पहिली गोष्ट सवयीची. पौलाने सांगितलेला आठवड्याचा पहिला दिवस आपल्यापुरता पगाराचा दिवस समजावा. टपाल कचेरीतील किंवा बँकेतील आवर्ती ठेवीचा हप्ता त्याच दिवशी निघावा, आणि उरलेल्यात घर चालवावे. ज्यांना एकट्याने जमत नाही त्यांच्यासाठी बचत गट आहेत. नाबार्डने १९९२ साली हे गट बँकांशी जोडण्याचा उपक्रम सुरू केला, आणि महाराष्ट्रातील असंख्य स्त्रियांनी त्यातून पहिल्यांदा बँकेचा उंबरठा ओलांडला. दुसरी गोष्ट विश्वासाची. आपला माणूस संचालक आहे, एवढ्यावर ठेव सुरक्षित होत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा आयुष्यभराची पुंजी अडकलेल्या ठेवीदारांचे हाल सर्वांनी पाहिले. पुण्याच्या रुपी बँकेचा परवाना २०२२ साली रद्द झाला. फेब्रुवारी २०२० पासून एका ठेवीदाराची एका बँकेतील पाच लाख रुपयांपर्यंतची ठेव विम्याने संरक्षित आहे. हे संरक्षण बँकांतील ठेवींना आहे, गल्लीतल्या भिशीला किंवा दुप्पट रकमेच्या वचनाला नाही. योसेफाच्या कथेचा ४७ वा अध्याय वाचलेल्या समाजाने वार्षिक सभेला हजर राहून प्रश्न विचारावेत. श्रद्धा देवावर ठेवावी. ताळेबंद मात्र तपासावा.

शेवटी पुन्हा साहित्याकडे. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण टिळकांच्या औदार्याने दिपून जातो, आणि ते साहजिक आहे. पण पुढच्या वेळी वाचताना प्रत्येक दानाच्या प्रसंगी क्षणभर थांबून स्वयंपाकघरात काय घडत असेल ते पाहावे. तेथे एक स्त्री उरलेले मोजते आहे. ती मोजते ते राखून ठेवण्यासाठी खरेच, पण कोणासाठी राखते ते पाहिले म्हणजे तिच्या मोजण्यातील प्रार्थना ऐकू येते. आपल्या लेखकांनी त्या स्वयंपाकघरात आता प्रवेश करावा. तेथे कथा भरपूर आहेत, आणि आपल्या घरांना त्यांची गरज आहे.